मुदत संपलेल्या पॉलिसीचे कागद रद्दीत टाकू नका

अमेरिकेत काटकसरीने पैसे साठवून एखादा दुकानाचा गाळा किंवा छोटी व्यापारी इमारत घेतलेल्या आपल्यातल्या काही कुटुंबांना, ती विकायला काढल्यावरच कळते की तिथे पूर्वी कधीतरी ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. खरेदीदाराची बँक जमिनीची तपासणी करून घेते, मातीत आणि भूजलात पर्क हे कपडे धुण्याचे रसायन सापडते, व्यवहार मोडतो आणि पर्यावरण खात्याचे पत्र सध्याच्या मालकाच्या नावाने येते. अशा वेळी घर गहाण ठेवण्यापर्यंत विचार जातो. पण जुन्या दायित्व विम्याच्या, म्हणजे इतरांच्या नुकसानीची आपल्यावर येणारी जबाबदारी उचलणाऱ्या विम्याच्या, पॉलिसी शोधाव्यात, हे फार थोड्यांना सुचते.

पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन, पाण्यापेक्षा सुमारे 1.6 पट जड असते. जुन्या पद्धतीत धुतलेले ओले कपडे हाताने एका यंत्रातून काढून दुसऱ्यात वाळवायला टाकत, तेव्हा ते फरशीवर ठिबके. शिवाय यंत्रात वेगळे झालेले पर्कमिश्रित पाणी सर्रास मोरीत ओतले जाई आणि गटाराच्या नळांच्या सांध्यांतून जमिनीत झिरपे. त्या काळी हीच रीत होती. पिण्याच्या पाण्यात पर्कची अमेरिकेतील मर्यादा लिटरमागे फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे, आणि त्याची वाफ जमिनीतून वर येऊन शेजारच्या घरांतही शिरते. म्हणून सफाई टाळता येत नाही आणि टाळूही नये.

न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनाल या, पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या वस्तीचे प्रकरण 1978 मध्ये देशभर गाजले आणि डिसेंबर 1980 मध्ये दूषित जागांच्या सफाईचा सुपरफंड कायदा झाला. या कायद्याने दूषित जागेची जबाबदारी ठरवताना हेतू किंवा निष्काळजीपणा पाहिला जात नाही, कायद्यापूर्वीचे प्रदूषणही त्यात येते आणि काही मर्यादित अपवाद सोडले तर जागेचा सध्याचा मालकही जबाबदार धरला जातो. जबाबदारी अशी मागे जाऊन लागू होत असेल, तर त्या मागच्या वर्षांत घेतलेला विमाही मागे जाऊन उपयोगी पडला पाहिजे, आणि सुदैवाने तो पडतो.

याचे कारण त्या पॉलिसींच्या रचनेत आहे. व्यवसायांना मिळणाऱ्या सर्वसाधारण दायित्व विम्याचा नमुना 1966 मध्ये बदलला आणि दावा कधी आला यापेक्षा नुकसान कधी घडले यावर संरक्षण अवलंबून राहिले. 1968 साली भूजल दूषित होत असेल, तर 1968 ची पॉलिसी आजच्या दाव्यालाही लागू होऊ शकते, मग तिची मुदत संपून पन्नास वर्षे का झालेली असेनात. प्रदूषण तर वर्षानुवर्षे चालू राहते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये मॉन्ट्रोज केमिकलच्या खटल्यात, असे नुकसान ज्या ज्या वर्षांत चालू होते त्या सर्व वर्षांच्या पॉलिसी लागू होतात, असे मानले. पुढे 2012 मध्ये, स्ट्रिंगफेलो येथील आम्लाच्या खड्ड्यांच्या प्रकरणात, अनेक वर्षांच्या पॉलिसींच्या रकमा एकावर एक जोडण्यासही त्याच न्यायालयाने मान्यता दिली; तिथे विमा मागणारा पक्ष खुद्द कॅलिफोर्निया राज्य होते.

सगळ्याच वर्षांच्या पॉलिसी सारख्या उपयोगाच्या नाहीत. 1970 नंतरच्या काही वर्षांत विमा कंपन्यांनी प्रदूषण वगळणारे कलम घातले, पण प्रदूषण ‘अचानक आणि अपघाताने’ घडले असेल तर संरक्षण ठेवले. 1986 च्या सुमारास मात्र प्रदूषण जवळजवळ पूर्णपणे वगळले गेले. मधल्या काळातील त्या शब्दांवर राज्याराज्यांत वेगवेगळे निकाल आहेत. न्यू जर्सीच्या न्यायालयाने 1993 मध्ये हे कलम शब्दशः लागू करण्यास नकार दिला, कारण ते मंजूर करून घेताना विमा उद्योगाने नियामकांना त्याचा परिणाम किरकोळ असल्याचे भासवले होते. हा निकाल मला अतिशय न्याय्य वाटतो. एवढ्या जोखमीचा हप्ता आम्ही कधी घेतलाच नव्हता, असे कंपन्या म्हणतात. पण पॉलिसीचा मसुदा त्यांनीच लिहिला होता आणि हप्ते दरवर्षी स्वीकारले होते. जुनी पॉलिसी पुढे करणे म्हणजे विमा कंपनीला लुबाडणे, असा संकोच आपल्या लोकांत दिसतो, तो मनातून काढून टाकावा.

खरी अडचण कागद सापडण्याची असते. मूळ पॉलिसी क्वचितच हाती लागते, परंतु बहुतेक राज्यांत ती होती हे इतर पुराव्यांवरूनही सिद्ध करता येते. जुन्या भाडेकराराच्या फायलीत भाडेकरूने दिलेले विम्याचे प्रमाणपत्र टाचलेले असते, आणि त्या एका पिवळ्या पडलेल्या पानावर कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, मुदत आणि रक्कम असे सगळे मिळून जाते. बँकेच्या कर्जाची कागदपत्रे, हिशेबनिसाच्या खातेवह्या, वटलेले चेक, विमा एजंटाची पत्रे हेही तितकेच मोलाचे. हा शोध व्यवसाय म्हणून घेणारे लोक अमेरिकेत आहेत. स्वतःच्या पॉलिसींवर थांबू नये. आधीच्या मालकाच्या आणि बंद पडलेल्या ड्रायक्लीनरच्या विम्यापर्यंतही काही राज्यांत कायदेशीर मार्गाने पोहोचता येते. मूळ विमा कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तर आज तिची देणी कोणाकडे आहेत याचा माग राज्याच्या विमा खात्यातून काढता येतो.

कागद सापडताच, स्वतःचे पैसे खर्चायला लागण्यापूर्वी, विमा कंपनीला लेखी सूचना द्यावी, कारण कंपनीच्या संमतीविना आपणहून केलेला खर्च परत मिळत नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. वकिलाचा खर्च उचलण्याचे कंपनीचे कर्तव्यही मोठे आहे, कारण जुन्या पॉलिसींत तो सहसा विम्याच्या रकमेतून वजा होत नाही. मात्र हे कर्तव्य खटला झाला तरच लागू होते, आणि सरकारी पत्र म्हणजे ‘खटला’ धरायचा की नाही, यावर राज्ये विभागलेली आहेत: मॅसॅच्युसेट्सने 1990 मध्ये होकार दिला, कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये नकार. म्हणून त्याच राज्यातला, विमाधारकांची बाजू मांडणारा वकील गाठावा.

शेवटी कंपनी बहुधा एकरकमी पैसे देऊन पॉलिसी कायमची परत विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवते. सही करण्यापूर्वी सफाई किती वर्षे चालेल, शेजाऱ्यांच्या घरांत वाफ आढळली तर त्याचा खर्च कोण करील आणि राज्याचे ‘आता आणखी काम नको’ असे पत्र मिळेपर्यंत ती रक्कम पुरेल का, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे, कारण त्या सहीनंतर पुन्हा त्या पॉलिसीकडे जाता येत नाही.