कोंबड्यांची मळणी

कोंबड्यांसाठी घरीच दाणे पिकवायचे म्हटलं, की ऐकणारा लगेच हिशेबाला बसतो. बसू दे, हिशेब आहेही मजेशीर. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला चाळीस किलोच्या आसपास. बाजरी हेक्टरी २ टन उतरली असं धरलं (सढळ हातानेच धरलं), तरी एका चौरस मीटरला दोनशे ग्रॅम पडतात. म्हणजे एकेका कोंबडीच्या पोटाला दोनशे चौरस मीटर जमीन हवी. एवढं परस असतं तर कोंबड्या कशाला, म्हैसच पाळली असती!

बरं, जमीन असली तरी नुसत्या दाण्यांवर भागत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. मक्यात ती आठ-नऊ टक्केच. कवचाला लागणारा चुना तर कुठल्याच धान्यात पुरेसा नसतो. त्यामुळे तयार खाद्याची पिशवी काही सुटत नाही. घरचे दाणे हे वरचं खाणं, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. त्याहून सढळ झालात तर कोंबड्या गुबगुबीत होतात आणि अंडी रोडावतात.

एवढं कळूनही मी कडेच्या वाफ्यात सूर्यफूल, बाजरी, राजगिरा लावते. कारण खाद्य वाचवणं नाही, कोंबड्यांना उद्योग देणं आहे.

सूर्यफुलाचं पिकलेलं ताट, म्हणजे बियांनी भरलेलं फूल, त्यांच्यापुढे टाकून बघा. म्होरकी आधी एका डोळ्याने बघते, मग मान फिरवून दुसऱ्याने. हळूच एक टोच. मागच्या दोघी अशा उभ्या, की आपला काही संबंधच नाही. बी सुटलं रे सुटलं, की तिघी एकदम तुटून पडतात. ताट उलटंपालटं होतं, एखादी त्यावर पाय देऊन उभी राहते आणि मग कुणालाच काही निघत नाही. बी सोलण्याची पोपटासारखी नजाकत कोंबडीकडे नाही. ती सालासकट गिळते. दात नसल्याने पुढचं दळण पोटातल्या जाड स्नायूंच्या पेषणीत, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने होतं. म्हणून अख्खे दाणे द्यायचे तर बारीक खडे त्यांना मिळालेच पाहिजेत. कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांना ते आपण पुरवायचे.

बाजरीची कणसं मी जुडी करून टांगते, डोक्याच्या जरा वर. मग उड्या सुरू होतात. एकीच्या टोचीने चार दाणे निसटतात आणि खाली उभी असलेली आळशी ते टिपते. कष्ट एकीचे आणि फळ दुसरीला, हे कोंबड्यांतही आहेच.

फुकटचं समोर असताना ही उठाठेव का? १९६३ साली जेन्सन या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केला. भांड्यात आयतं खाणं ठेवलेलं असूनही उंदीर दांडी दाबून दाणे मिळवत होते. पुढे कोंबड्यांतही असंच दिसून आलं. कोंबडीची मूळ जात रानकोंबडी, तीही प्राणिसंग्रहालयात नेमाने खाणं मिळत असताना जागेपणाचा मोठा वेळ जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. खुराड्यात तो उद्योग काढून घेतला, की चोच एकमेकींच्या पिसांवर चालू लागते.

माणसाच्या बाजूने बघितलं तरी यात सोय आहे. धान्य पिकवण्यात खरा घाम कापणीनंतर निघतो : मळणी, उफणणी, पाखडणी. राजगिऱ्याचं बी तर इतकं बारीक, की पाखडताना भुशाबरोबर निम्मं उडून जातं. इथे मात्र खाणाराच मळणी करतो. आपण कणीस कापायचं, वाळवायचं आणि टाकायचं. वाळवण्यात आळस नको. ओलसर मक्यावर बुरशी धरते, तिचं विष कोंबड्यांच्या यकृतावर बसतं. तसं कणीस ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून घालू नये. कच्चा राजमाही कधीच नाही.

मका लावायचा तर एका लांब ओळीत नको, चौकोनात लावा. परागण वाऱ्याने होतं, ओळीतल्या कणसात दाणे विरळ भरतात. अर्थात विरळ कणसाबद्दल कोंबड्यांनी कधी तक्रार केलेली नाही. पिवळ्या मक्याने आणि राजगिऱ्याच्या पाल्याने बलक छान केशरी होतो, नुसत्या बाजरीने फिका पडतो. राजगिरा म्हणूनच माझा लाडका : दाट पेरायचा, विरळणी करताना उपटलेली रोपं खुराड्यात, उरलेल्यांचे तुरे पुढे.

मोठं संकट रोपांवर असतं, आणि ते खुद्द कोंबड्याच. नुकती भुसभुशीत केलेली माती ही त्यांच्या मते खास त्यांच्यासाठीच केलेली असते. जाळी लावल्याशिवाय वाफा टिकत नाही. पुढे सूर्यफुलाच्या पाकळ्या गळल्या, की पाखरं येतात. ताटाला सुती फडकं बांधायचं, पाठीमागचा हिरवा रंग पिवळट तपकिरी झाला की कापायचं. यंदा राळा हे बारीक दाण्याचं धान्य लावून बघणार आहे. त्याचं कणीस भरलं की आपसूक वाकतं, टांगायची कटकट नाही. फडकी मात्र जास्त लागतील.