वय कमी पडलं

इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, घरवाटप विभागात मी काम करते. कौन्सिलची भाड्याची घरं रिकामी झाली की दर आठवड्याला जाहिरात निघते आणि प्रतीक्षायादीतले लोक ‘बिड’ टाकतात. ही पैशांची बोली नाही, ‘हे घर मला हवंय’ एवढंच कळवायचं. गरज किती आणि यादीत किती वर्षं, यावरून स्क्रीनवर क्रम लागतो. वरून खाली जायचं, आणि जो बसत नाही त्याला कारण निवडून वगळायचं. कारणांमध्ये एक आहे ‘वय’. एक क्लिक.

चौतीस वर्षांच्या एका मुलीला मी असं सात वेळा वगळलं. एकदाही फाइल न उघडता.

सातव्या वेळेनंतर तिचा फोन आला, म्हणून मी तिच्या घरी गेले. खासगी भाड्याचा तळमजल्याचा फ्लॅट. अपघातात मणका दुखावलेला, व्हीलचेअर कायमची. मी टेप काढला. बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी ६९० मिलिमीटर, खुर्ची ६४०. चाकं ढकलणारी बोटं उरलेल्या जागेत. चौकटीचा रंग दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर खरवडलेला होता, आणि त्याच उंचीवर तिच्या बोटांच्या सांध्यांवर खपल्या. बाथटबमध्ये तिला उतरता येत नाही. तीन वर्षं ती स्वयंपाकघरात, मांडीवर प्लास्टिकचं टब घेऊन अंग पुसते आहे. घरातल्या अशा बदलांसाठी इंग्लंडमध्ये ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, पण भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागते. तिच्या मालकाने ती दिली नाही.

ज्यासाठी ती बिड टाकत होती तो ‘बंगलो’ आपल्याकडच्यासारखा बंगला नव्हे. एका बेडरूमचं, बिनजिन्याचं छोटं घर, ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव वस्तीतलं. हे घर मला पाठ आहे, कारण पूर्वी मी अपंगांसाठी घरांत फेरबदल करणाऱ्या विभागात होते आणि तिथे आधी राहणाऱ्या आजींसाठी ते मीच करून घेतलं होतं. दारं ८५० मिलिमीटर, खुर्ची जागच्या जागी वळायला १५०० मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ, ओटा खाली घेतलेला. न्हाणीघराला उंबरठा नाही, सगळी जमीनच शॉवरची. त्यात उतार साधणं हे खरं काम. जास्त झाला तर खुर्ची घसरते, कमी पडला तर पाणी पॅसेजमध्ये येतं. कंत्राटदाराने दोनदा चुकवला. दोन्ही वेळा मी उखडायला लावला आणि तिसऱ्यांदा बादलीभर पाणी ओतून, ते जाळीत जाईपर्यंत तिथे उभी राहिले.

आजी गेल्यावर ते घर नऊ आठवडे रिकामं होतं. ५५ च्या वरचा, व्हीलचेअर वापरणारा एकही अर्जदार पुढे आला नाही.

आमच्या धोरणात अपवादाची एक ओळ आहे. तिच्या आधारे मी त्याच दुपारी साहेबांना लिहिलं. उत्तर आलं, वस्तीतले लोक तक्रार करतील. त्या लोकांची भीती मला समजते. पूर्वी तिथे एका तरुण भाडेकरूच्या रात्रीच्या गोंगाटाने एक आजी आजारी पडायच्या बेताला आल्या होत्या. पण तो वागणुकीचा प्रश्न होता, आणि आम्ही त्यावर जन्मतारखेचा इलाज करतो. त्या इलाजाला कायद्याचीही आडकाठी नाही. २०१० च्या समानता कायद्यात घर भाड्याने देण्याबद्दलचा जो भाग आहे, त्यातून वय स्पष्टपणे वगळलेलं आहे. अपंग म्हणून तिला घर नाकारता येत नाही. वय कमी म्हणून नाकारलं, तर तो भाग काहीच बोलत नाही.

घर ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना मिळालं. भले आहेत, त्यांचा काही दोष नाही. जिने चढतात, सायकल चालवतात. किल्ली घेतानाच त्यांनी विचारलं, शॉवर काढून टब बसवून मिळेल का?

मी तिला फोन केला. ती म्हणाली, “मला शेजार नकोच होता, मला न्हाणीघर हवं होतं.” मग विचारलं, पुढची जाहिरात कधी? मी सांगितलं, गुरुवारी.

टबचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. अजून सही केलेली नाही.