घरांची दलाली: कोथरूडमधली आमची वाटचाल

माझ्या वडिलांनी १९८९ मध्ये कोथरूडला पौड रस्त्याजवळच्या एका गल्लीत इस्टेट एजन्सी सुरू केली, तेव्हा एक दूरध्वनी, एक जाड वही आणि परिसरातल्या ओळखी एवढेच त्यांचे भांडवल होते. वहीच्या डाव्या पानावर विकाऊ किंवा भाड्याने द्यायची घरे आणि उजव्या पानावर घर शोधणारी मंडळी अशी मांडणी असे. रविवारच्या ‘सकाळ’मध्ये छोटी जाहिरात दिली की पुढचे दोन दिवस फोन खणखणत राहत. इमारतीचे नाव ग्राहकाला फोनवर कधीच सांगायचे नाही, त्याला कार्यालयात बोलावून आणि सोबत नेऊनच घर दाखवायचे, हा नियम वडील कटाक्षाने पाळत. कारण कोणते घर विकायचे आहे ही बातमी मालकाखेरीज फक्त आमच्याकडे असे. स्पष्टच सांगायचे तर आम्ही माहिती विकत होतो आणि तिच्या मोबदल्यात दोन्ही बाजूंकडून टक्केवारी घेत होतो.

मी २००३ मध्ये कामात आले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स यांसारखी संकेतस्थळे सुरू झाली. पुण्यातल्या बहुतेक एजंटांप्रमाणे आम्हीही त्यांच्याकडे जाहिरातीची आणखी एक जागा म्हणूनच पाहिले. खरा फरक पडला तो २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या नोब्रोकरसारख्या सेवांमुळे, कारण मालक आणि भाडेकरू यांची परस्पर गाठ घालून देणे हाच त्यांचा व्यवसाय होता. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली देण्यापेक्षा थोडी रक्कम भरून पाच-दहा मालकांचे क्रमांक मिळवणे नोकरदार तरुणांना सोयीचे वाटले आणि त्यात गैर काही नव्हते. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीचीच आहे. तिच्यासाठी दोन्ही पक्षांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन रांगेत बसवणे हे आमच्या कामाचे एक मोठे अंग होते. ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यावर अंगठ्याचे यंत्र आणि लॅपटॉप घेतलेला मुलगा घरी येऊन तेच काम उरकू लागला, आणि आमच्या उत्पन्नाचा नियमित भाग बघता बघता आटला.

माहिती मुबलक झाली, पण ती नेमकी झाली असे मात्र नाही. एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डहाणूकर कॉलनीतला एकच टू बीएचके दिवसभरात पाच जणांच्या नावाने फिरतो. एकाने क्षेत्रफळ कार्पेटमध्ये (भिंतींच्या आतले, वापरण्याजोगे) लिहिलेले असते, दुसऱ्याने बिल्टअपमध्ये (भिंतींची जाडी धरून), तर तिसऱ्याने किंमत पाच लाखांनी चढवून ‘निगोशिएबल’ अशी पुस्ती जोडलेली असते. चावी ज्याच्याकडे असते, तो या पाचांत असेलच असे नाही.

भाड्याचे काम आम्ही जवळजवळ बंद करणार होतो; ते टिकले पुनर्विकासामुळे. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. या करारांत सभासदांना बांधकामाच्या काळातले भाडे, सामान हलवण्याचा खर्च आणि दलाली विकासकाने द्यावी असे कलम सर्रास असते. त्यामुळे एका सोसायटीतली वीस-पंचवीस कुटुंबे एकाच महिन्यात घर शोधायला निघतात. त्यांतल्या बहुतेकांना शाळा, डॉक्टर, भाजीवाला आणि कट्टा सोडायचा नसतो, आणि ज्येष्ठांना लिफ्ट हवी असते. हे शोधून देणे मोबाइलवरच्या यादीला जमत नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: दोन-तीन सोसायट्या एकदम रिकाम्या झाल्या की आसपासची भाडी चढतात आणि विकासकाने ठरवून दिलेली रक्कम अपुरी पडू लागते. म्हणून आम्ही सभासदांना करारावर सही करण्यापूर्वीच चालू भाड्यांचा अंदाज लेखी देतो.

आमच्या व्यवसायाला सर्वांत मोठे वळण दिले ते रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन आणि विकास) कायद्याने. कायदा २०१६ चा. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून द्यायचे तर एजंटालाही नोंदणी करणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी दुकानाचा गाळा नसलेला, पावती न देणारा आणि टोकन, म्हणजे घर धरून ठेवण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, खिशात घालून पंधरा दिवस फोन न उचलणारा माणूसही एजंट म्हणवून घेऊ शकत होता. घराचे क्षेत्रफळ ‘सेलेबल’मध्ये, म्हणजे जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून सांगण्याची जी रीत होती, तिच्यात हजार चौरस फुटांच्या घरातले सातशे फूट वापरायला मिळाले तरी ग्राहकाने समाधान मानायचे असे; कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली आणि विक्री तिच्याच आधारे होऊ लागली. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई झाली. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, तेव्हा आमच्या कार्यालयातून आम्ही दोघीजणी परीक्षेला बसलो. मुलाची दहावी झाल्यानंतर पुन्हा कलमे आणि पोटकलमे पाठ करताना मला काहीसे अवघडल्यासारखे झाले खरे, पण ही सक्ती आवश्यकच होती असे माझे मत आहे. मुदतीत प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये वर्षभरासाठी स्थगित केली, यावरून आधी या व्यवसायात किती सैलपणा होता याची कल्पना येते.

नव्या प्रकल्पांत मात्र छोट्या फर्मची स्थिती कायद्याने सुधारलेली नाही. विकासक आम्हाला चॅनेल पार्टनर म्हणतात आणि सुमारे दोन टक्क्यांपासून पुढे दलाली देतात. बुकिंगची संख्या वाढली की टक्का वाढतो. तो वाढीव टक्का मिळावा म्हणून छोटे एजंट एखाद्या मोठ्या फर्मच्या नावाखाली आपले बुकिंग दाखवतात आणि त्यातला वाटा तिला देतात. ग्राहकाने एखाद्या रात्री सहज विकासकाच्या जाहिरातीवर बोट ठेवून आपला क्रमांक भरलेला असेल, तर तो आधीच त्यांचा ठरतो. मग आम्ही त्याला दोन रविवार साइटवर नेले असले तरी स्वागतकक्षातला संगणक आमचे नाव स्वीकारत नाही. त्यात ग्राहकही आता हुशार झाला आहे आणि आमच्या दलालीतला निम्मा भाग परत मागतो, ज्याला धंद्यात ‘पासबॅक’ म्हणतात. एका विकासकाकडून नोंदणी झालेल्या व्यवहाराची दलाली मिळायला आम्हाला वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली, तेव्हापासून आम्ही या कामाचा वाटा जाणूनबुजून कमी ठेवला आहे.

आमचा भर रीसेलवर, म्हणजे जुन्या घरांच्या विक्रीवर आहे, आणि विचित्र गोष्ट अशी की रेराची एजंट-नोंदणी नेमकी इथेच लागू होत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतले घर एका कुटुंबाने दुसऱ्याला विकले, तर मधला माणूस कोण आहे आणि त्याला काय कळते, हे कोणीच तपासत नाही. कागदपत्रांचे घोळ तर याच घरांत सर्वाधिक असतात: सोसायटीचे अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे) झालेले नसते, भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) दिवंगत वडिलांचे नाव असते, मूळ करारनामा बँकेकडून परतच आणलेला नसतो, बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात दिसत नाही.

गेल्या वर्षीचा एक व्यवहार उदाहरणादाखल सांगते. मयूर कॉलनीतल्या घराचे मालक वारले. नामनिर्देशनात मुलाचे नाव होते आणि आपण एकटे सही करू शकतो अशी त्यांची समजूत होती. नामनिर्देशनाने सोसायटीच्या दप्तरी नाव लागते, पण इतर वारसांचा हक्क संपत नाही, हे त्यांना समजावावे लागले. बहीण न्यू जर्सीत होती आणि तिला आपला हिस्सा सोडायचा नव्हता. तिने भावाच्या नावे केलेले कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरणे आवश्यक होते. खरेदीदाराने सगळ्याच रकमेवर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापून भरायचा आयकर) कापण्याची तयारी ठेवली होती. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर चालत नाही, कपात बरीच जास्त होते आणि ती कमी करून घ्यायची तर आयकर खात्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. ही गोष्ट वेळेवर लक्षात आली नसती, तर दायित्व खरेदीदारावर आले असते. घर या खरेदीदाराने संकेतस्थळावर स्वतःच शोधलेले होते. आमच्याकडे तो आला तो केवळ कागद पाहून घेण्यासाठी.

याच व्यवहारात न्यू जर्सीतल्या त्या ताईंनी फोनवर विचारले, “तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने आहात?” अमेरिकेत घर घेताना खरेदीदाराच्या एजंटाशी आधी लेखी करार करावा लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते, तिथल्या रिअल्टर संघटनेने खटल्यात तडजोड केल्यानंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घर पाहायला नेण्यापूर्वी असा करार करणे तिच्या सदस्य एजंटांना बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे एकच एजंट विक्रेत्याला चांगल्या भावाचे आणि खरेदीदाराला वाजवी भावाचे आश्वासन देतो, दोघांकडून टक्का घेतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. दोन एजंट असले तर ‘साइड बाय साइड’, म्हणजे ज्याने त्याने आपल्या पक्षाकडून घ्यायचे, ही पद्धत तुलनेने स्वच्छ आहे. पण एकट्याला दोन्ही बाजू मिळाल्या तर सोडतो कोण?

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. पहिला असा की रीसेलच्या प्रत्येक कामात आम्ही एकाच पक्षाशी एक पानी लेखी करार करतो. त्यात दलालीचा टक्का, त्यावरील जीएसटी, आणि टोकन-विसारपावतीपासून खरेदीखताची नोंदणी आणि सोसायटीतले हस्तांतरण इथपर्यंत आम्ही करायच्या कामांची यादी लिहिलेली असते. दुसरा असा की ज्यांनी घर स्वतः शोधले आहे त्यांच्यासाठी टक्केवारीऐवजी ठरावीक शुल्कात कागदपत्रांची छाननी करतो. टायटलचा सर्च, म्हणजे मालकी हक्काचा शोध, मात्र वकिलांकडूनच करून घेतो, कारण ते आमचे काम नव्हे.

परिसरातल्या काही जुन्या सहकाऱ्यांना एका बाजूची दलाली सोडणे हा वेडेपणा वाटतो, आणि पहिल्या वर्षी आमचे उत्पन्न घटले हेही खरे आहे. छाननीचे शुल्क देताना लोक कुरकुरतात. सत्तर-ऐंशी लाखांच्या घरासाठी दीड लाखाचे फर्निचर निमूटपणे ठरवणारा माणूस कागद पाहण्याच्या काही हजारांवर घासाघीस करतो. तरीही विक्रेत्यांपैकी बरेच जण आता करार वाचून आणि त्यातली एखादी ओळ बदलून घेऊन सही करतात. भाड्याच्या कामाला ही पद्धत आम्ही अजून लावलेली नाही, कारण पुनर्विकासातल्या सभासदांसाठी घर शोधतो आम्ही त्यांच्या वतीने आणि दलाली देतो विकासक, त्यामुळे करारावर ग्राहक म्हणून कोणाचे नाव लिहायचे हे ठरवण्यासाठी सध्या वकिलांशी बोलणी सुरू आहेत.