विद्युतचुंबक: वेढे दुप्पट केले तरी टाचण्या दुप्पट का उचलल्या जात नाहीत?

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून विद्युतचुंबक करून घेताना मी सामान पुण्यातल्या पेठांमधूनच आणतो. एनॅमलची (वीज अडवणारा पातळ लेप दिलेली) तांब्याची तार बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळते. दुकानात ‘वाइंडिंग वायर’ म्हणायचं, ती वजनावर देतात. २६ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) ५० ग्रॅम तार म्हणजे सुमारे ३४ मीटर, एका चुंबकाला ६ मीटरच्या थोडी वर लागते. तार ज्यावर गुंडाळायची तो बोल्ट, म्हणजे चुंबकाचा गाभा, रविवार पेठेत बोहरी आळीत घ्यायचा: ८ मिलिमीटर जाड, ३ इंच लांब, साधा लोखंडी. खिशात छोटं चुंबक ठेवावं. चकचकीत स्टेनलेस बोल्टला ते बहुतेक वेळा चिकटत नाही, तो गाभ्याला निरुपयोगी. डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्टही नको. ते कडक पोलाद, धारा बंद केल्यावरही बरंच चुंबकत्व धरून ठेवतं.

आट्यांच्या धारेने एनॅमल सोलवटतं, म्हणून बोल्टवर आधी कागदाचा एक वेढा देऊन चिकटपट्टी लावतो. तारेचं २० सेंटिमीटर टोक मोकळं सोडून वेढे एकमेकांना खेटून घ्यायचे. ५ सेंटिमीटरमध्ये साधारण १०० बसतात. दुसरा थर उलटा परत येतो तेव्हा खरी गडबड होते. थर डोक्याकडून नटाकडे जातोय की नटाकडून डोक्याकडे, याने काही बिघडत नाही, पण तार बोल्टभोवती फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे. मुलं बोल्ट फिरवून धरतात आणि नकळत उलटे वेढे घालतात. मग दोन थरांची क्षेत्रं एकमेकांना मारतात, वेढे २०० आणि टाचणी एकही नाही.

टोकं घासणं हे दुसरं दुखणं. एनॅमलचा रंग तांब्यासारखाच, त्यामुळे तार उघडीच आहे असं वाटतं. पॉलिश पेपरने शेवटचे २ सेंटिमीटर चहूबाजूंनी घासा, तांबं लालसर चमकेपर्यंत. मल्टिमीटर असेल तर रोध बघा: २०० वेढ्यांना साधारण ०.६ ओहम यायला हवा.

आता मुख्य प्रश्न. वेढे दुप्पट केले तर टाचण्या दुप्पट उचलल्या जातील, असं मुलं आधीच वहीत लिहून मोकळी होतात. चुंबकाचा जोर धारा गुणिले वेढे या गुणाकारावर ठरतो, आणि तार वाढली की रोध वाढून धारा घटते. दीड व्होल्टच्या मोठ्या सेलचा अंतर्गत रोध ०.५ ओहम धरू. १०० वेढ्यांच्या तारेचा रोध ०.३ ओहम, म्हणजे धारा सुमारे १.९ अँपिअर आणि गुणाकार १९०. २०० वेढ्यांना एकूण रोध १.१ ओहम, धारा १.४ अँपिअरच्या आतच, गुणाकार सुमारे २७०. वाढ जेमतेम दीडपट! दहावीच्या नालकुंतलाच्या (तारेच्या लांबट गुंडाळीच्या) धड्याशेजारी हे गणित फळ्यावर मांडलं की ओहमचा नियमही आपोआप पक्का होतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणून कोणी प्रश्न सोडवू बघतं. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, ती लगेच मान टाकते.

सेलवर इतका भार असल्यामुळे पुश बटण ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही. तार तापते, सेल उतरतो. मोबाइलचा लिथियम सेल इथे अजिबात नको, आणि घरातल्या प्लगचा तर विषयच नाही. मोजणी ५०, १००, १५०, २०० वेढे अशी केली, तर शेवटच्या नोंदींना सेल थकलेला असतो. म्हणून तोच क्रम उलटाही करून सरासरी घेतो. (प्रत्येक टप्प्याला तारेला छोटा पीळ देऊन जोडणीसाठी टोक काढून ठेवलं, की पुन्हा गुंडाळावं लागत नाही.) टाचण्यांच्या डबीत पितळीही असतात, त्या आधी चुंबकाने वेगळ्या काढा.

ध्रुव ओळखायला उजव्या हाताची बोटं धारेच्या दिशेने वळवा, अंगठा उत्तर ध्रुवाकडे. चुंबकसूचीने पडताळा, पण ती चुंबकापासून वीतभर लांब ठेवा. फार जवळ नेली तर तिचेच ध्रुव उलटू शकतात.

बटण सोडल्यावरही दोन-चार टाचण्या लोंबकळत राहतात. सेल उलटा जोडून बटण क्षणभर टिचकीसारखं दाबा, त्या पडतात. जास्त वेळ दाबलंत, तर बोल्ट उलट्या दिशेने चुंबकित होतो आणि टाचण्या पुन्हा चिकटतात.