तास खरंच झाला का?

गोव्यातल्या शाळांत सामाजिक-भावनिक शिक्षणाचा, म्हणजे भावना ओळखायला, राग आवरायला शिकवणारा कार्यक्रम वर्षभर चालवला आणि शेवटी मुलांच्या प्रश्नावलीतले आकडे हललेच नाहीत, तर दोन शक्यता उरतात. एक, कार्यक्रमातच दम नव्हता. दोन, कार्यक्रम झालाच नाही. यातलं नेमकं काय घडलं हे सांगता येत नसेल, तर सगळ्यांचे कष्ट पाण्यात. हा फरक आकडेमोड करणाऱ्या तज्ज्ञाला मार्च महिन्यात शोधता येत नाही. तो समन्वयकाने जूनपासून नोंदवून ठेवायचा असतो. म्हणून या कामाची सुरुवात प्रश्नावलीपासून नको, नोंदीपासून करा.

नोंदीचा कागद पोस्टकार्डाएवढा असावा, रकाने चारच: तारीख, पाठाचा क्रमांक, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आणि काय गाळलं. 'तास कसा झाला' असा रकाना ठेवूच नका, सगळे टीचर 'छान' लिहितात. 'काय गाळलं' विचारलं की खरं उत्तर येतं: 'जोडीने बोलायचं राहिलं, घंटा झाली.' ही ओळ सोन्याच्या मोलाची. जोडीने बोलणं, अभिनय करून दाखवणं हे भाग बहुतेक पाठांत शेवटी छापलेले असतात, त्यामुळे पहिला गळतो तो नेमका तोच. अशा कार्यक्रमांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात 213 कार्यक्रम आणि 2 लाख 70 हजारांवर मुलं होती. ज्या कार्यक्रमांत पाठांना क्रम होता, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतलं जात होतं, वेळ राखून ठेवलेला होता आणि कोणतं कौशल्य शिकवायचं ते स्पष्ट होतं, ते सरस ठरले. कृती गळली तर उरतं ते प्रवचन. त्यावर उपाय सोपा आहे: कृती पहिल्या पंधरा मिनिटांत आणा, समजावणं मागाहून.

कागद दर शुक्रवारी गोळा करा, निदान त्याचा फोटो मागवा. महिनाअखेरीस मागितले की सगळे कागद एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेले येतात. दर पाच तासांमागे एक तास कुणीतरी वर्गात मागे बसून पाहावा, आणि त्यातले काही तास दोघांनी एकाच वेळी पण एकमेकांना न विचारता नोंदवावेत. दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर निरीक्षणाचा तक्ता पुन्हा लिहा.

आता वेळापत्रक. गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी भरतात आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. बालरथ, म्हणजे शाळेची बस, निघाला की मुलंही निघाली, त्यामुळे 'शाळा सुटल्यावर घेऊ' ही कल्पना इथे चालत नाही. तास शाळेच्या वेळेतच मिळवावा लागतो. मुख्याध्यापक बहुधा मूल्यशिक्षणाचा किंवा खेळाचा तास देऊ करतात. खेळाचा तास घेऊ नका. मुलं चिडून बसतात, आणि राग आवरायला शिकवणारा पाठच त्यांच्या रागाचं कारण होतो. कार्यक्रम सोळा तासांचा असेल तर बावीस आठवडे धरून चला. पावसाची आयत्या वेळची सुट्टी, चतुर्थी, सहामाही, दिवाळी, 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, 19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, नाताळ, स्नेहसंमेलन, अधूनमधून शिक्षकांना लागणारं निवडणुकीचं काम, हे सगळं आधीच माहीत असतं, तरी प्रस्तावात कुणी मांडत नाही. कार्यक्रमानंतरची अंतिम मोजणी, म्हणजे मुलांकडून प्रश्नावली भरून घेणं, वार्षिक परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात अजिबात ठेवू नये. त्या दिवसांत प्रत्येक मूल काळजीत असतं, आणि तुम्ही परीक्षाच मोजून येता.

शाळा निवडताना मोठी चूक होते ती 'थोड्या शाळा, भरपूर मुलं' या मोहातून. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून पन्नास मुलं म्हणजे पन्नास स्वतंत्र उत्तरं नव्हेत. हे साम्य 0 (काहीच नाही) ते 1 (सगळी सारखीच) या मापावर 0.05 धरलं तर 8 शाळांतली प्रत्येकी 50 अशी 400 मुलं हिशेबात साधारण 116 मुलांएवढीच भरतात. तीच 400 मुलं 20 शाळांतून प्रत्येकी 20 घेतली तर 205 भरतात. पेडणे ते काणकोण, गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरण्याचं पेट्रोल वाढेल, पण उत्तराला वजन येईल. कार्यक्रम यंदा कुणाला आणि तुलनेसाठी कुणाला नाही, हे चिठ्ठीने ठरवा, पण चिठ्ठी शाळेची काढा, तुकडीची नको. 'अ' तुकडीला पाठ आणि 'ब'ला नाही असं केलं, तर स्टाफरूममध्ये चहा पिताना पाठाची पुस्तिका हातोहात फिरते. कार्यक्रमाआधीची पहिली मोजणी आधी उरकावी, मग चिठ्ठी, आणि ती संघाबाहेरच्या व्यक्तीने काढावी. त्याआधी सरकारी आणि अनुदानित शाळा वेगळ्या करून घ्या, नाहीतर चिठ्ठीच्या जोरावर सगळ्या सरकारी शाळा एकाच बाजूला जाऊ शकतात. अशा तुलनेच्या चाचणीची नोंदणी सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, पहिलं मूल सहभागी होण्याआधी व्हायला हवी, मागाहून होत नाही.

भाषेवर मात्र घाई करू नये. इथली अनेक मुलं प्राथमिक मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. सत्तरी तालुक्यातल्या सहावीच्या मुलीला इंग्रजी प्रश्न वाचता येतो, पण तो मनाला भिडत नाही. सासष्टी तालुक्यातल्या मुलाच्या घरी कोकणी असते, पण वाचायची सवय रोमी लिपीची, म्हणजे इंग्रजी अक्षरांची. वास्कोत कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलंही वर्गात असतात. 'चिंता' हा शब्द पुस्तकी, मुलं 'टेन्शन' म्हणतात, घरात आजी कोकणीत 'हुस्को' म्हणते. इंग्रजीतल्या 'अपसेट'ला एक शब्द नाही. रागावलेलं मूल आणि हिरमुसलेलं मूल एकाच चौकटीत खूण करतात, आणि पुढे दोघांचं एकच दुःख धरलं जातं. 'आत्मसंयम' म्हटलं की कीर्तन आठवतं, 'राग आला तरी हात उचलला नाही' म्हटलं की पटकन कळतं. म्हणून प्रत्येक माध्यमातल्या आठ-दहा मुलांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि 'तुला काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग' म्हणा. एसडीक्यूसारख्या, मुलांच्या भावना आणि वागणं मोजणाऱ्या प्रश्नावलीचं अधिकृत भाषांतरच वापरावं लागतं, शब्द परस्पर बदलता येत नाही. तिथे वाचून दाखवताना द्यायचं स्पष्टीकरण आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक वर्गात तेच द्या.

एसडीक्यूत 25 विधानं असतात आणि मुलांनी स्वतः भरायची आवृत्ती 11 वर्षांपासूनची आहे. सहावीच्या वर्गात एकेक विधान वाचून दाखवत गेलं तर पाऊण तास धरा. बाकावर शेजारी काय खूण करतो ते दिसू नये म्हणून एक कोरा कागद झाकायला द्या, आणि वर्गशिक्षिकेला त्या वेळेपुरतं बाहेर थांबायची विनंती करा. तिच्यासमोर मुलं शहाणी उत्तरं देतात. गुण देताना पाच विधानं उलटी मोजायची असतात. एक्सेलमध्ये हे विसरलं की गुणी मूल अडचणीतलं दिसतं, म्हणून पहिले वीस कागद हातानेही मोजून पाहा. शिक्षकांकडून प्रत्येक मुलाचा कागद भरून घेण्याचा हट्ट नको. चाळीस मुलांना पाच-पाच मिनिटं म्हणजे तीन तास वीस मिनिटं, मग तिसाव्या कागदापासून एकाच उभ्या रांगेत खुणा येऊ लागतात. वर्गातली दहा मुलं चिठ्ठीने निवडून द्या.

पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लहान मुलांना तोंडी विचारायचं असतं, मोठ्या मुलांकडून लेखी घ्यायचं असतं. डायरीत घालून पाठवलेला कागद निम्म्या घरांतून परतला नाही, तर तो न परतवणाऱ्या घरांतलीच मुलं अनेकदा सगळ्यांत गरजू असतात. शिक्षक-पालक संघाच्या पहिल्या सभेत समोर बसून समजावणं हाच उत्तम मार्ग.

एक गोष्ट मोजणीच्याच दिवशी व्हायलाच हवी. प्रश्नावलीवरच्या मोकळ्या जागेत मुलांनी लिहिलेलं सगळं शाळेच्या गेटबाहेर पडण्याआधी वाचा. मारहाण, लैंगिक छळ, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा दिसली तर कुणाला सांगायचं, कोण मुलाशी बोलेल, हे पहिल्या मोजणीच्या आधी मुख्याध्यापकांशी ठरलेलं असावं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखाली लैंगिक गुन्हा कळवणं बंधनकारक आहे, म्हणून 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मुलांना कधीही देऊ नका. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या हातात जाऊ द्या. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवायची वेळ आली तर सोबत कोण जाईल, हेही आधीच लिहून ठेवा.

पाठ घेणार कोण, यावर इथल्या लोकांनी विशेष विचार करावा, कारण त्यावरचं महत्त्वाचं काम मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या, गोव्यातल्याच संगात संस्थेचं आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत त्यांनी एकाच कार्यक्रमाच्या दोन तऱ्हा तपासल्या. प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चालवला तिथे शाळेचं वातावरण स्पष्टपणे सुधारलं, शिक्षकांनी चालवला तिथे नाही. निकाल 2018 मध्ये आला. उलट 2011 च्या आढाव्यात शिक्षकांनी घेतलेले कार्यक्रम यशस्वी ठरले होते. शिक्षकाला दोष देणं सोपं आहे, पण चार इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या एकशिक्षकी शाळेत हा भार किती, ते आधी मोजायला हवं. ते मोजायलाही तो पोस्टकार्डाएवढा कागदच लागतो.

ज्या शाळांना पहिल्या वर्षी कार्यक्रम मिळाला नाही, त्यांना पुढच्या वर्षी द्यायचं वचन दिलेलं असतं. त्यांच्या पुस्तिका, चित्रं आणि प्रशिक्षणाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा आणि छपाईही एकदमच करून घ्या. दुसऱ्या वर्षी पैसे संपलेले असतात, आणि त्या शाळेतल्या मुलांनी दोनदा कागद भरून दिलेले असतात.