अठराला पाच महिने कमी

शेजारच्या काकूंसोबत परवा परत कोर्टात गेले होते. त्यांच्या मुलावर पोक्सो लागलाय, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. तो १९ चा, डिप्लोमाला, आणि मुलगी अठराला पाच महिने कमी. एकाच क्लासला ओळख झाली, तिच्या घरी कळलं, तिला मारहाण झाली, मग दोघं पळून गेले नि चार दिवस पुण्यात मित्राच्या रूमवर राहिले, तेवढ्यात वडिलांनी कंप्लेंट दिली. ती मॅजिस्ट्रेटसमोर सांगून आली की मीच गेले होते त्याच्यासोबत, त्याने नेलं नाही. तरी तो आत आहे, आणि ती घरी जायचं नाही म्हणाली म्हणून बालगृहात.

काकूंना अजून कळत नाहीये की पोरगी स्वतः हो म्हणतेय तर गुन्हा कसला. मी समजावते, की काकू, १८ च्या आत तिचा होकार कायदा धरतच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो आला, त्याआधी संमतीचं वय १६ होतं. आणि २०१९ पासून कमीत कमी शिक्षा १० वर्षं, मुलगी गरोदर राहिली असेल तर २०. नातेवाईक म्हणतात लग्न लावून टाका, केस मिटेल. अजिबात मिटत नाही, उलट बालविवाहाची भर पडते, आणि २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अल्पवयीन बायको असली तरी सूट नाही.

शाळेत आपण संमतीवयाचं बिल शिकलो ना, १८९१ चं, रखमाबाईंची केस, टिळकांचा विरोध वगैरे. तेव्हा वय १० चं १२ केलं, ते लहानपणीच नवऱ्याच्या घरी पाठवलेल्या पोरींना वाचवायला. ते हवंच होतं, आणि आजही तीस वर्षांचा बाप्या शाळकरी मुलीच्या मागे लागला तर त्याला अजिबात सोडू नये असंच माझं मत आहे. पण वयात दीड वर्षाचं अंतर असलेल्या दोन पोरांना तेच कलम? कॅनडात वय जवळजवळ असेल तर सूट आहे, तशी इथे का नको? २०२३ ला लॉ कमिशनने वय १८ च ठेवा म्हटलं, फक्त १६ ते १८ मधल्या अशा केसेसमध्ये शिक्षा कमी करायची मुभा कोर्टाला द्या अशी शिफारस केली. मला ते अपुरं वाटतं, कारण शिक्षा होईपर्यंत पोरांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि मुलींचं तर बघा, डॉक्टरकडे जायलाच घाबरतात, कारण कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना न सांगायची मोकळीक सुप्रीम कोर्टाने २०२२ लाच दिलीय, पण हे कुठल्या पोरीला माहितीये? कॉलेजात रॅगिंगचे बोर्ड असतात, याचा एक शब्द नाही.

त्या दिवशी काकूंनी थालीपीठं नेली होती, हवालदाराने देऊ दिली नाहीत. डबा मांडीवर धरून त्या बाकावर बसून राहिल्या. त्याला गाडीकडे नेताना एवढंच बोलला, आई, केटीचा फॉर्म भरायची तारीख गेली का गं? काल मी तो राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा फॉर्म भरला, लेट फी सकट. परीक्षेला बसू द्या म्हणून वकील सोमवारी अर्ज टाकतायत.