घरी केलेला फायबरचा चार आईना

आमच्या मंडळाने यंदाच्या जिवंत देखाव्यासाठी पुरंदरचा प्रसंग घेतला आणि वेशभूषा माझ्याकडे आली. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला, तेव्हा मुरारबाजी देशपांडे निवडक मावळे घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले, तो प्रसंग. मावळ्यांचं काम बाराबंदी, चोळणा आणि मुंडाशावर भागत होतं. खरी अडचण दिलेरखानाची होती. मोगल सरदाराच्या अंगावर पोलाद दिसायला हवं. भाड्याने मिळतात ती चिलखतं पाहिली. पुठ्ठ्यावर चंदेरी कागद, नाहीतर पातळ पत्रा, आणि त्याची कड थेट नटाच्या काखेत. गणपतीत रोज रात्री खेळामागून खेळ, त्यात तलवारीची झटापट. असलं काही त्या मुलाच्या अंगावर चढवायची माझी तयारी नव्हती, म्हणून घरीच करायचं ठरवलं.

चार आईना म्हणजे छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक अशा चार पाट्या. जाळीच्या जिरेबख्तरावर त्या पट्ट्यांनी बांधतात. बगलेच्या पाटीला वर अर्धगोल खाच असते, हात खाली येतो तो त्या खाचेत. अकबराचं १५८१ सालचं चिलखत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथल्या शस्त्रदालनात मी बराच वेळ नुसत्या कडा बघत उभी होते. फोटोत नक्षी दिसते, पण पत्रा अंगापाशी कुठे आणि कसा संपतो हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

परदेशातले हौशी लोक कागदाचं मॉडेल दुमडून उभं करतात, त्यावर रेझिन (घट्ट होऊन कडक होणारा चिकट द्रव) लावतात आणि आतून फायबर, म्हणजे काचेचे तंतू देतात. शिरस्त्राणासारख्या एकट्या वस्तूला ती पद्धत छान आहे. मला साचाच हवा होता, कारण पाटी तुटली तर रातोरात दुसरी काढता आली पाहिजे. थर्माकोल कोरून त्यावर फायबर चढवायचं अनेकांच्या मनात येतं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं, तेव्हा तो मार्ग सोडाच.

नटाचं माप घेतलं ते अस्तराचा जाड अंगरखा घालून, आणि एकदा पूर्ण श्वास भरायला लावून. पुठ्ठ्याचे नमुने कापले, दोऱ्याने बांधले आणि त्याला बसवलं, वाकवलं, तलवारीचा हात डोक्यावर न्यायला लावला. "ताई, इथे टोचतंय," असं तो म्हणेल तिथे पुठ्ठा कापायचा. छातीची पाटी अशी घासत घासत ३२ बाय २५ सेंटिमीटरवर येऊन थांबली. मग शाडूत तिचा उठाव केला, किनारीची वेलबुट्टी कोरली आणि त्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला.

आषाढातल्या पुण्यात प्लास्टर वाळवणं ही वेगळीच तपश्चर्या. साचा वरून कोरडा लागतो आणि आत ओल धरून असतो, आणि ओल्या साच्यात रेझिन नीट धरत नाही. आमच्या पेठेतल्या मूर्तिकार काकांनी मला फार चांगली युक्ती दिली. "ताई, हाताला विचारू नका, काट्याला विचारा." रोज साचा वजनकाट्यावर ठेवायचा, वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. मी पंखा लावला आणि दुरून दिव्याची ऊब दिली, पण ५० अंशांच्या वर जाऊ दिली नाही, कारण जास्त तापलं की प्लास्टर भुसभुशीत होतं. वाळल्यावर चपड्याच्या पॉलिशचे हात, मग मेणाचे, शेवटी पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाचा पातळ पापुद्रा. साच्यातून पाटी सुटणं या तयारीवर अवलंबून असतं, म्हणून इथे घाई केली नाही.

रेझिनच्या बाबतीत जरा सविस्तर सांगते, कारण यात इजा होऊ शकते. घट्ट होण्यासाठी रेझिनला दोन गोष्टी लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. हे दोन थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. म्हणून मी कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घेतलं आणि घरी फक्त हार्डनर ठेवला. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम, वजन करूनच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा सक्तीचा. वासासाठी साधा धुळीचा मास्क चालत नाही. स्टायरीनची वाफ त्यातून आरपार जाते, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा. सोसायटीची परवानगी घेऊन मी गच्चीवरच्या शेडमध्ये काम केलं, आणि शेजारच्या आजींना वासाचा त्रास नको म्हणून त्या देवळात गेल्या की मगच डबा उघडायचे.

आधी काळा रंग घातलेला जेलकोट, म्हणजे साच्यात सर्वात आधी लावायचा दाट रेझिनचा थर, साधारण अर्धा मिलिमीटर. तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, तेव्हा फायबर घालायचं. मी चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चटई घेतली. ती कात्रीने न कापता फाडली, म्हणजे तुकड्यांचे सांधे एकमेकांत विरतात. ब्रश फिरवायचा नाही, टोचत जायचं. पांढरी मॅट पारदर्शक झाली की रेझिन आत पोचलं, पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. या मॅटचा गोंद स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून ती वळणावर बसते. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये स्टायरीन नसतं, त्यामुळे तिथे विणलेलं कापडच घ्यावं.

दोन थर सगळीकडे दिले आणि जिथे पट्ट्यांचे रिव्हेट येणार तिथे तिसरा. पाटी रबरासारखी असते त्या मोजक्या वेळात कडा सुरीने कापून घेतल्या. नंतर तेच काम करवतीने करावं लागतं आणि काचेची धूळ घरभर होते. घासायचं तेही वॉटर पेपरने, पाणी लावूनच.

छातीची पाटी भरली सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. तेवढाच दीड मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा असता तर ९४० ग्रॅम झाला असता. जेलकोट मुळातच काळा असल्याने वरून ग्रॅफाइट पावडर घासली की पोलादाची झाक येते, झटापटीत ओरखडा पडला तरी खालून पांढरं डोकावत नाही. वेलबुट्टीवर सोनेरी रंग अगदी कमी लावला. मला तरी चकचकीत चंदेरी चिलखत रंगमंचाच्या उजेडात खोटं वाटतं.

पण माझा सर्वात जास्त वेळ गेला आतल्या बाजूवर, आणि तो तिथेच जायला हवा. लोकांना दिसतं ते बाहेरचं, नटाला लागतं ते आतलं. मॅटचे तंतू सुईसारखे वर येतात, घामेजल्या मानेला एक लागला तरी खेळभर खाज सुटते. मी आतून घासलं, मेण घातलेल्या जेलकोटचा एक हात दिला (उघड्यावर रेझिनचा वरचा थर चिकट राहतो, मेण हवा अडवतं), फोमच्या पट्ट्या आणि सुती अस्तर चिकटवलं, आणि प्रत्येक कडेला कापडी पायपिंग शिवलं. पाट्या अंगावर चढवायच्या आधी, वास पूर्ण जाईपर्यंत, दिवसेंदिवस वाऱ्यावर टांगून ठेवल्या.

पट्टे चामड्याचे, बकलं आणि रिव्हेट बोहरी आळीतून. रिव्हेटखाली वायसर घातलाच पाहिजे, नाहीतर ताण येऊन भोक फाटतं. पाट्यांच्या मध्ये चार बोटं जागा सोडली, श्वासाला आणि वाऱ्याला. खालचं जिरेबख्तर जाड सुतळी विणून ॲल्युमिनियम रंगात बुडवून केलं. ही नाटकवाल्यांची जुनी रीत, आणि लांबून खरीच जाळी वाटते.

पहिल्या रात्रीच्या खेळानंतर नटाने पट्टे सोडले, पाट्या काढल्या आणि थेट वडापाव खायला गेला. काखेत वळ नाही, मानेवर पुरळ नाही. मला हेच हवं होतं. त्यानंतर रोज खेळ संपला की मी रिव्हेट चाचपून बघायचे आणि अस्तर पुसून पाट्या पंख्याखाली टांगायचे.

आता दस्ताने राहिलेत. कोपरापासून मनगटाकडे निमुळती होत जाणारी ती नळी एका साच्यातून निघत नाही, दोन भागांचा साचा लागेल. त्यासाठी विणलेलं कापड आणि इपॉक्सी वापरणार आहे, आणि प्लास्टर मे महिन्यातच, ऊन असताना ओतणार आहे.